तीस सेकंद

सकाळी दहाला आणि दुपारी तीनला
डेनीस ऑग्बर्न मनोऱ्यावर उभी राहते,
पाठ समुद्राकडे, घड्याळ हातात,
आणि तीस सेकंद
लोकांचे खोकले मोजते.

जीवरक्षक आहे ती. बुडणाऱ्याला ओढून काढायचं,
जेलीफिशचा चटका धुऊन द्यायचा,
आणि ऑगस्टपासून हे.

आखाताचं पाणी कोऱ्या चहासारखं झालंय.
रात्री भरतीनं आणून टाकलेले मासे
पालिकेचा लोडर पहाटेच उचलतो, तरी उरतात,
मुलेट, ग्रूपर, एक ईल गाठ मारल्यासारखी.
वास त्यांचा आहे.
घसा ज्यानं धरलाय त्याला वासच नाही.
एकेका पेशीचे जीव, लाट फुटली की तेही फुटतात,
आणि त्यांच्या पोटातलं तुषारांवर बसून
वाळूवर येतं, टॉवेलवर, सँडविचवर,
श्वास घ्यायला उघडलेल्या तोंडात.

छत्रीखाली ओहायोचं जोडपं.
हवापालटाला आलंय, दोन आठवडे, पैसे आधीच भरलेले.
तो, एक. ती, दोन, तीन. पुन्हा तो.
खड्डा खणणारा मुलगा, पाच.
त्याला स्वतःच्या खोकल्याची गंमत वाटते,
मग मुद्दाम आणखी एक काढतो.
हा धरायचा की नाही
हे नियमावलीत कुठेच नाही.
डेनीस धरते.

तक्त्यावर चार चौकोन: नाही, किंचित, मध्यम, तीव्र.
आणि खोकल्याला शब्द एकच.
आपल्याकडे निदान ढास वेगळी, उबळ वेगळी,
खाकरणं तर नुसतं दारावर टकटक करण्यासारखं,
आणि ठसका लागला तर म्हणायचं
कुणीतरी आठवण काढतंय.
या किनाऱ्यावरच्या सगळ्यांची
एकदम कोण काढत असेल?

दम्याचा पंप विसरून आलेली एक बाई
गाडीत काचा बंद करून बसलीय.
डेनीसनं तिला पाण्याची बाटली दिली,
दुसरं द्यायला काही नव्हतं.

पुलापलीकडे, मैलभर आत, ल्यूथर ऑग्बर्न.
जाळीबंदीच्या आधी तो मुलेट धरायचा,
अंधारात, उडी मारल्याच्या आवाजावरून.
आता खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी,
दाराखाली ओला टॉवेल,
आणि नेब्युलायझरची घरघर,
जुन्या बोटीच्या इंजिनासारखी,
असं तोच म्हणतो, हसायला जातो,
आणि हसणं अर्ध्यावर सोडून देतो.

एक वाजता वारा वळला.
कुणी काही केलं नाही, नुसता वळला,
जमिनीकडून समुद्राकडे.
तीनला डेनीस मनोऱ्यावर चढली,
तीस सेकंद उभी राहिली.
चमचा पडल्याचा आवाज, रेडिओ, एक कुत्रा.
तिनं 'नाही' या चौकोनात फुली मारली.
ओहायोची बाई म्हणाली, बघा, गेलं.
पाणी तेवढंच तपकिरी होतं.
ईल तिथेच होती.

मग रोजच्यासारखा बापाचा फोन.
किती? 
नाही, बाबा. शून्य. वारा फिरला.
बरं, तो म्हणाला.
ती जेवणाबद्दल बोलली, औषधाबद्दल,
शेजारची मारिबेल सूप आणून देईल त्याबद्दल,
मधे मधे थांबत, तोंड बाजूला करत.
तो काही बोलत नव्हता.
तिला वाटलं लाइन तुटली.

अंधारात उडी मारलेला मासा
किती दूर आहे हे ओळखणारे कान ते.

तुझे चार झाले, तो म्हणाला.
कुठे लिहितेस?

मुलानं खणलेल्या खड्ड्यात
तळातून पाणी झिरपून वर आलं होतं.
ती त्याच्या काठावर उभी राहिली,
फोन कानाला,
श्वास जरा धरून.